कमाटीबागेच्या तीन फेऱ्या आणि गुडघ्यावर टेकलेला हात

सकाळी साडेसहाला बडोद्याच्या कमाटीबागेत फिरायला येणाऱ्या सत्तरीच्या मंडळींकडे जरा बघत राहा. चालताना नको, चालून झाल्यावर बघा. तीन फेऱ्या झपाझप मारून काका बाकावर टेकतात, गप्पा रंगतात आणि मग उठायची वेळ येते. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, अंगाला मागेपुढे एक-दोन झोके, "चला हो" म्हणत एक हिसका आणि मग उभे. यात काही बिघडलंय असं कोणालाच वाटत नाही. रोज तीन फेऱ्या मारणारा माणूस आहे, ठणठणीत असणारच!

चालणं आणि उठणं ही स्नायूंच्या दृष्टीने दोन वेगळी कामं आहेत. म्हातारपण आधी उठण्यावर हात टाकतं आणि चालणं त्यानंतर बरीच वर्षं तसंच सुरू राहतं, म्हणून फसायला होतं. हे असं का होतं ते आधी नीट बघू, कारण ते कळलं की पुढचा सगळा व्यायाम आपोआप पटतो.

मांडीचा पुढचा मोठा स्नायू म्हणजे लाखो बारीक तंतूंची जुडी. काही तंतू संथ असतात, तासन्‌तास न थकता थोडा थोडा जोर लावणारे. काही जलद असतात, क्षणात भरपूर जोर लावून लगेच दमणारे. हे तंतू स्वतःच्या मर्जीने आखडत नाहीत. पाठीच्या कण्यातली एकेक मज्जापेशी शेकडो तंतूंना एकदम हुकूम सोडते. ती पेशी आणि तिच्या हाताखालचे तंतू मिळून एक मोटर युनिट होतं. साठीनंतर या मज्जापेशी हळूहळू मरायला लागतात. त्यांचे तंतू पोरके होतात. शेजारची एखादी संथ मज्जापेशी नवे फाटे फोडून त्यातल्या काहींना दत्तक घेते आणि दत्तक गेलेला जलद तंतू कालांतराने नव्या घरच्यासारखाच संथ होतो. उरलेल्यांना कोणी विचारत नाही. ते आक्रसत जातात आणि संपतात.

म्हणजे उरतात ती संख्येने कमी, आकाराने मोठी आणि चालीने मंद युनिटं. कपबशी उचलताना हात जरा ओबडधोबड चालतो, त्यामागचं हे एक कारण. उंबऱ्याला पाय अडखळल्यावर दुसरा पाय पुढे टाकायला अर्ध्या सेकंदाचीही सवड नसते, आणि तेवढ्या वेळात जोर लावू शकणारे तंतूच शिल्लक नसतात. म्हातारी माणसं अडखळतात म्हणून पडतात हे अर्धंच खरं आहे. तरुणही अडखळतात, पण ते सावरतात.

मोकळी झालेली जागा रिकामी राहत नाही. तंतूंच्या मधे चरबी आणि चिवट जोडऊती भरते. त्यामुळे मांडीचा घेर फारसा बदलत नाही, काटाही हलत नाही आणि "माझं वजन वीस वर्षं ६२ चं ६२ आहे" हे अभिमानाने सांगितलं जातं. त्या ६२ मध्ये काय काय आहे, हे काटा सांगत नाही. आपल्या लोकांना तर हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तोच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हडकुळ्या दिसणाऱ्या भारतीय अंगात स्नायू मुळातच कमी आणि चरबी जास्त असते, आणि याच थोडक्या पुंजीवर पुढची वीस-पंचवीस वर्षं काढायची असतात.

आकडे सांगायचे तर तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू जातो आणि साठीनंतर वेग वाढतो. ताकद त्याहून वेगाने जाते. सत्तरीतल्या लोकांना ३ वर्षं मोजत राहून केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात ताकद घटण्याचा वेग स्नायू घटण्याच्या जवळजवळ तिप्पट निघाला. झटक्यात जोर लावण्याची क्षमता त्याहूनही आधी जाते. या सगळ्याला 'सार्कोपेनिया' हे नाव अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवलं. ग्रीकमध्ये सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे तूट. अमेरिकेत याला आजार म्हणून स्वतंत्र कोड मिळायला २०१६ उजाडलं. तोवर "वय झालं" एवढंच निदान होतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजूनही तेच आहे.

आता चालण्याचं. एलवुड हेनेमन यांनी १९६५ मध्ये एक नियम मांडला, जो आजवर टिकून आहे: मेंदू आधी लहान, संथ युनिटांना कामाला लावतो, जोर कमी पडला तरच मोठ्या, जलद युनिटांना हाक मारतो. सपाट रस्त्यावर चालायला संथ तंतू पुरतात. कमाटीबागेच्या तीन काय, सहा फेऱ्या मारल्या तरी जलद तंतूंची पाळी येतच नाही. म्हणजे जे तंतू म्हातारपणात सगळ्यात आधी जातात, त्यांनाच चालण्याचा व्यायाम होत नाही. चालणं सोडा असं अजिबात म्हणायचं नाही. हृदयाला, साखरेला, झोपेला आणि मनाला ते हवंच. पण मांडीची तूट चालण्याने भरून निघत नाही.

जलद तंतूंना बोलवायचे मार्ग तीनच आहेत: वजन जड असावं, हालचाल झटक्यात करावी, किंवा हलकंच वजन इतक्या वेळा उचलावं की शेवटी संथ तंतू थकून जलद तंतूंना यावंच लागेल. घरी, जिमशिवाय, सत्तरीत करायचा व्यायाम या तिसऱ्या मार्गावर उभा आहे. त्यात दुसरा जरासा मिसळायचा.

गंमत म्हणजे बडोदं हे गाव जुम्मादादा व्यायाम मंदिराचं आणि व्यायामगुरू प्राध्यापक माणिकरावांचं. जोर, बैठका, मुद्गल हे शब्द इथल्या मराठी घरांत अजून माहीत आहेत. त्याच घरांत आजोबांना मात्र "तुम्ही नुसतं चालत जा" एवढाच सल्ला मिळतो. आखाड्यातली बैठक म्हणजे खुर्चीवरून उठण्याचीच मोठी बहीण. सत्तरीत तिच्यावर एकदम उडी मारायची नाही, खुर्चीपासून सुरुवात करायची, इतकंच.

आधी मोजणी. जेवणाच्या टेबलाची बिनहाताची खुर्ची घ्या, बसायची उंची ४३ ते ४५ सेंटीमीटर, पाठ भिंतीला टेकवलेली. दोन्ही हात छातीवर आडवे बांधा. कोणीतरी मोबाइलवर वेळ लावेल. 'सुरू' म्हटल्यापासून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं, पाचव्यांदा ताठ झालात की घड्याळ थांबवायचं. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषात १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ते कमी ताकदीचं लक्षण धरलं आहे. हात न लावता एकदाही उठता आलं नाही तर सेकंद मोजायची गरजच नाही, उत्तर मिळालं. हीच चाचणी झोपाळ्यावर किंवा सोफ्यावर करू नका. एक हलतो, दुसरा खचतो.

दुसरं मोजमाप पोटरीचं. शिंप्याची टेप घ्या, बसून पाय जमिनीवर सैल ठेवा आणि पोटरीच्या सगळ्यात जाड जागी, दाबून नव्हे, टेकवून मोजा. पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटीमीटरच्या खाली असेल तर पुढची तपासणी करावी. पायाला सूज असेल तर हे मोजमाप फसवं ठरतं, कारण पाणी साचलेली पोटरीही जाडच दिसते. तिसरं, दिवाणखान्यात खडूने ६ मीटरच्या दोन खुणा करा आणि नेहमीच्या चालीने, पहिल्या खुणेच्या थोडं मागून सुरुवात करून चाला. दोन खुणांमधलं अंतर कापायला ६ सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंदावली आहे. फिजिओथेरपिस्टकडे हाताच्या पकडीचं यंत्र असतं. त्यावर पुरुषांनी २८ आणि बायकांनी १८ किलोच्या खाली जाऊ नये. पकड कमी असण्याचा पायाशी काय संबंध, असं वाटेल. पण पकड ही सगळ्या अंगाच्या ताकदीची बऱ्यापैकी खूण ठरते आणि मोजायला दोन मिनिटं लागतात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. एका बाजूचाच हात-पाय अचानक लुळा पडला, तर तो म्हातारपणाचा स्नायू नाही, पक्षाघात असू शकतो. तिथे खुर्ची-बिर्ची बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा. दोन-तीन महिन्यांत कपडे ढगळ होतील इतकं वजन आपोआप उतरलं, किंवा जिना चढताना छातीत दुखतं, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

आता मुख्य गोष्ट, उठणं. खुर्ची भिंतीला लावून ठेवा. चकचकीत लादीवर खुर्चीचे पाय सरकतात, म्हणून खाली रबरी पायपुसणं घाला. पाय अनवाणी किंवा मागे पट्टा असलेल्या चपलेत, मोज्यांत मुळीच नको. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर सरकून बसा. पावलं कमरेइतकी फाकलेली, आणि टाचा गुडघ्याच्या सरळ रेषेच्या चार बोटं मागे. उठताना त्रास होणाऱ्या दहापैकी निम्म्या लोकांची चूक इथेच असते, असं मी पैजेवर सांगेन: त्यांचे पाय पुढे असतात, त्यामुळे अंगाचा भार पावलांवर येतच नाही आणि मग झोके घ्यावे लागतात. आता कंबरेतून पुढे वाका, पाठ सरळ ठेवून, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. मग टाचांनी जमीन खाली ढकलताय असं समजून उठा. उठताना तोंडाने श्वास सोडा, किंवा मोठ्याने आकडा म्हणा, तेच झालं. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. वर आल्यावर पूर्ण ताठ व्हा, कुल्ले आवळा, एक क्षण थांबा.

उठणं एका सेकंदात, बसणं तीन-चार सेकंदांत. खुर्चीपासून चार बोटं उरली की बहुतेक जण धपकन बसतात. ती चार बोटं हीच खरी कमाई, कारण तिथे मांडी लांबताना भार सांभाळत असते आणि जिना उतरताना हेच काम लागतं. दोन्ही गुडघे आत वळून एकमेकांकडे जायला लागले तर कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू कमजोर आहेत. तेव्हा मांड्यांभोवती ओढणी सैलशी बांधा आणि उठता-बसताना तिला बाहेर ताण देत राहा.

किती करायचं? थांबल्यावर "अजून दोन झाली असती, तीन मात्र नाही" असं वाटेल इतकी. कोणासाठी ती ५ असतील, कोणासाठी १४. असे ३ सेट, मधे २ मिनिटं विश्रांती, आठवड्यातून ३ दिवस, एक दिवसाआड. रोज केलं तर जास्त फायदा होईल हा हिशेब इथे चुकतो, कारण दुरुस्ती विश्रांतीच्या दिवशी होते आणि वय वाढलं की तिला वेळही जास्त लागतो. पण "दहा झाली, झालं" म्हणून अगदी आरामात थांबणं ही त्याहून मोठी चूक. मग जलद तंतूंपर्यंत हाक पोचतच नाही आणि तो व्यायाम बसून केलेलं चालणं होऊन बसतो.

एकदाही उठता येत नसेल तर सीट उंच करा. दोन गोधड्यांच्या घट्ट घड्या घालून १० सेंटीमीटर उंची वाढवा, मऊ उशी नको. समोर जड टेबल ठेवा आणि बोटांची टोकं त्यावर टेकवा, ओढायला नाही, तोल सांभाळायला. ३ सेटमध्ये दहा-दहा जमली की एक घडी काढा. मग दुसरी. बिनघडीच्या खुर्चीवर दहा-दहा झाली की छातीशी वजन धरा: दोन लिटरची पाण्याची बाटली म्हणजे २ किलो, गव्हाच्या पिठाची पिशवी ५ किलो. त्यापुढची पायरी म्हणजे एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे ठेवून उठायचं, म्हणजे मागच्या पायावर जास्त भार पडतो. एका वेळी एकच गोष्ट वाढवा. उंची कमी केली त्याच आठवड्यात वजनही धरलं की गुडघा तक्रार करतो आणि मग सगळा व्यायामच बदनाम होतो.

दुखण्याबद्दल. दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, दोन्ही मांड्या ठणकणं चांगलं. दोन दिवसांत ते उतरतं. सांध्यात टोचणं, एकाच गुडघ्याला सूज येणं किंवा रात्री झोप मोडणं हे चांगलं नाही. अशा वेळी व्यायाम सोडायचा नाही, सीट पुन्हा उंच करायची. गुडघ्याची वाटी घासलेल्या बहुतेकांना उंच खुर्चीवरून उठणं दुखत नाही. सगळा प्रश्न गुडघा किती वाकतो याचा असतो. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो, म्हणून "गुडघे गेलेत, आता कसला व्यायाम" हे उलटं आहे.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढलेली जाणवेल, पण टेप तोच घेर दाखवेल. तेव्हा वाढलेली असते ती मज्जातंतूंची शिस्त. स्नायू स्वतः भरायला ८ ते १२ आठवडे लागतात. नव्वदीतही भरतो का? १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वयाच्या १० जणांकडून, त्यांच्या कमाल ताकदीच्या ८० टक्के वजनापर्यंत नेऊन, ८ आठवडे मांडीचा व्यायाम करून घेतला. शेवटपर्यंत टिकलेल्या ९ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या मध्यावरचा स्नायू ९ टक्क्यांनी. दोघांनी काठी सोडली. पण त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट कोणी फारशी सांगत नाही: व्यायाम थांबवल्यावर ४ आठवड्यांतच कमाल ताकद ३२ टक्क्यांनी उतरली.

बाकीचे व्यायाम भराभर. स्वयंपाकघराच्या ओट्याला बोटं टेकवून टाचा उचला, दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, १२ ते १५ वेळा, दोन सेट. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत सहज होतात. तिथेच एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद उभं राहा, मग पाय बदला. तोलाचं हे काम रोज केलं तरी चालतं. भिंतीवर तळवे ठेवून हातांनी दंड मारायचे. ते सोपं वाटलं की भिंतीऐवजी ओटा. पाठीसाठी दाराच्या कडीला रबरी पट्टा अडकवून कोपरं मागे ओढायची, कडी मजबूत आहे ना ते आधी बघून. आणि खंडेराव मार्केटमधून भाजी आणताना एका हातात सगळं घेण्यापेक्षा सारख्या वजनाच्या दोन पिशव्या दोन हातांत घ्या. पकड, खांदे, पोट आणि चाल सगळ्यांचं काम एकदम होतं. जिना चढणं उत्तम, कठडा धरून. उतरताना घाई नको. माणसं बहुतेक उतरताना पडतात, शेवटची पायरी संपली असं वाटून. उत्तरायणाला अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, जायचं असेल तर नोव्हेंबरपासूनच जिन्याची सवय करा, १४ जानेवारीला एकदम लोखंडी शिडी नको.

मालीश, कंपन करणारी यंत्रं, पायाला बांधायचे गरम पट्टे यांनी बरं वाटतं. स्नायू भरत नाही.

आता ताट. व्यायाम हा स्नायूला हुकूम, आणि प्रथिनं ही वीट-वाळू. म्हातारपणी अडचण अशी की तेवढ्याच प्रथिनाला स्नायू कमी दाद देतो. तरुणाला एका जेवणात वजनाच्या किलोमागे पाव ग्रॅमच्या आसपास प्रथिन पुरतं, सत्तरीत ०.४ ग्रॅमपर्यंत लागतं. ६० किलोच्या माणसाला म्हणजे एका जेवणात २४ ग्रॅम. दिवसाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम, अशी वार्धक्यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांची २०१३ पासूनची शिफारस आहे. भारतात सगळ्या प्रौढांसाठी सरसकट सांगितलेला ०.८३ चा आकडा याच्या खाली आहे.

आपल्याकडच्या शाकाहारी ज्येष्ठाचा दिवस मोजून बघा. सकाळी चहा आणि दोन खाखरे: ५ ग्रॅम. दुपारी तीन फुलके, एक वाटी पातळ आमटी, भात, भाजी, ताक: १८ ते १९. संध्याकाळी चहाबरोबर चिवडा: ३. रात्री "हलकं" म्हणून खिचडी-कढी: ८ ते ९. बेरीज ३५ च्या आसपास, म्हणजे गरजेच्या निम्मी. शिवाय २४ चा उंबरठा एकाही जेवणात ओलांडलेला नाही. पोट मात्र भरलेलं असतं, त्यामुळे कमी पडतंय हे कळतच नाही.

हाच दिवस फार न बदलता असा करता येतो. सकाळी ६० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून पुडले, म्हणजे धिरडी, त्याबरोबर दोन चमचे दाण्याच्या कुटाची चटणी आणि पेलाभर दूध: २५. दुपारी आमटीऐवजी घट्ट वरण, माणशी ४० ग्रॅम डाळीचं, तीन फुलके, भाजी आणि १५० ग्रॅम दही: २४. संध्याकाळी ३० ग्रॅम भाजलेले चणे: ६. रात्री खिचडीच, पण डाळ आणि तांदूळ बरोबरीने, आणि त्यात किंवा शेजारी ५० ग्रॅम पनीर: २० च्या वर. झाले ७० च्या पुढे. अंडं चालत असेल तर एका अंड्याचे ६ ग्रॅम धरा. सेव-उसळही हिशेबात घेता येते, फक्त उसळ मोजायची, सेव नाही.

सगळ्यात जास्त फरक सकाळच्या खाण्याने पडतो, कारण रात्रभरच्या उपासानंतर स्नायूला पहिली रसद तिथे मिळते आणि आपल्याकडे नेमकी तिथेच चहा-खाखऱ्यावर बोळवण होते. दात नसतील तर चण्यांऐवजी डाळ्याचं पीठ ताकात कालवून, दाण्यांऐवजी कूट. गॅस होत असेल तर तूर-चणा मागे ठेवून मुगावर या आणि प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. संकष्टी-एकादशीला साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ शून्य, जे काही मिळतं ते दाण्यांमुळे. त्या दिवशी राजगिरा, दही, दूध आणि दाण्याची आमटी यांवर भर द्या. चातुर्मासात एकवेळ जेवायचा नेम पंचाहत्तरीत पाळायचाच असेल, तर दुसऱ्या वेळचं दूध आणि दही तरी उपासाच्या नियमात बसवून घ्या.

डब्यातल्या पौष्टिक पावडरींवर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते सोडा. मागे दर १०० ग्रॅमला प्रथिन किती ते वाचा आणि आपण घेतो ते दोन चमचे तोलून बघा. हिशेब तिथल्या तिथे लागतो. किडनीचा आजार असेल तर मात्र वरचे सगळे आकडे बाजूला ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच प्रमाण पाळा. ड जीवनसत्त्व आणि बी-१२ तपासून घ्यावं, शाकाहारी माणसांत बी-१२ कमी सापडतं आणि त्याने पायांच्या नसा व तोल दोन्ही बिघडतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू दुखतात असं वाटलं तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा. मधुमेह असलेल्यांनी व्यायाम उपाशीपोटी करू नये. आणि एक जमेची बाजू: इन्शुलिनच्या हुकमावर रक्तातली साखर उचलण्याचं सगळ्यात मोठं गोदाम स्नायूच आहे, त्यामुळे मांडी भरली की साखरेलाही जागा मिळते. सार्कोपेनियासाठी खास मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. "टॉनिक लिहून द्या" हा हट्ट म्हणून फुकट जातो.

सगळ्यात मोठा खड्डा अंथरुणाचा. साठी-सत्तरीतल्या १२ धडधाकट लोकांना १० दिवस पूर्ण झोपवून ठेवलं, तर पायांतला जवळपास १ किलो स्नायू गेला आणि गुडघा सरळ करण्याची ताकद १५ टक्क्यांच्या आसपास उतरली. हा २००७ चा प्रयोग आहे, आणि ती माणसं आजारीसुद्धा नव्हती. ताप, ऑपरेशन किंवा न्युमोनिया असला की सूज आणि कमी खाणं यांची त्यात भर पडते. म्हणून दवाखान्यात डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या दिवसापासून जेवण पलंगावर नको, खुर्चीत. पडल्या पडल्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, ५ सेकंद धरायची, १० वेळा, दिवसातून चार-पाचदा. संडासाला शक्य असेल तर आधाराने चालत, बेडपॅन शेवटचा उपाय. भेटायला येणाऱ्यांनी शहाळी आणण्यापेक्षा डब्यात मुगाचं घट्ट कढण आणावं.

घरी मात्र हाच पलंग प्रेमाच्या रूपाने येतो. सून पाण्याचा पेला घेऊन येते, "आई, तुम्ही नका उठू, मी देते ना." नातू रिमोट आणून देतो. चहा हातात, औषध हातात, फोन हातात. दिवसभरात माणूस जी वीस-पंचवीस वेळा उठला असता, ते एकेक उठणं कोणीतरी मायेने काढून घेतं. त्यापेक्षा पाण्याचा तांब्या ओट्यावरच राहू द्या. औषधाचा डबा कपाटात, बसायची जागा हात असलेली पण घट्ट सीटची. देवघरात पाट जड जात असेल तर त्याच्याऐवजी आधी चौरंग, मग स्टूल. एकदम पलंगावर बसून पूजा नको. उठवायचं असेल तर दंडाला धरून ओढू नका, सैल झालेला खांदा निखळू शकतो. समोर उभे राहा, "पाय मागे घ्या, पुढे वाका" एवढं म्हणा आणि थांबा. सहा-सात सेकंद लागतील. तेवढं थांबणं घरच्यांना कठीण जातं. झोपाळ्यावरून उठताना कोणीतरी झोपाळा धरून ठेवावा, किंवा खाली लाकडी ठोकळा सरकवावा, कारण मागे जाणाऱ्या सीटवरून पुढे उठताना पाय नेमके पुढे राहतात.

खंड पडणारच. गावाला जाणं, लग्न, सर्दी-ताप. एक आठवडा चुकला तर जिथे होतात तिथूनच सुरू करा. दोन ते तीन आठवडे चुकले तर एक पायरी मागे, म्हणजे वजन ठेवून द्या किंवा गोधडीची एक घडी परत घाला. अंथरुणात काढलेल्या दिवसांनंतर थेट पहिल्या पायरीवर, दोन घड्या आणि समोर टेबल, आणि महिन्याने पुन्हा खुर्ची भिंतीला लावून पाच उठण्यांना किती सेकंद लागतात ते मोजा. तो आकडा तारखेसह कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवा, दुधाच्या हिशेबाशेजारी.